बावीस तासांची शिस्त

१९ ऑगस्ट, सोमवार
आजपासून लढा सुरू. कौवोला शहरातल्या दातांच्या डॉक्टर निइरानेनबाईंनी दात सरळ करायचा पहिला ट्रे बसवला. पारदर्शक, नखाइतका पातळ. जवळ येऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. एकूण सव्वीस ट्रे, दर दोन आठवड्यांनी नवा. दिवसाचे बावीस तास तोंडात ठेवायचा. जेवताना काढायचा, पाण्याखेरीज काहीही पिताना काढायचा, परत घालण्याआधी दात घासायचे. बाईंनी हे तीनदा सांगितलं. मी म्हणालो, चौदा वर्षं कागद कारखान्याच्या युनियनचा अध्यक्ष आहे, शिस्त मला नवी नाही. त्यांनी चौथ्यांदा सांगितलं.

कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढं शंका नको. जूनच्या सभेत मी बोलत असताना अर्धा हॉल उठून मागं कॉफीकडे गेला. असं का व्हावं, कळेना. मग युनियनच्या मासिकात फोटो आला. मी, मूठ वर, तोंड उघडं, आणि आत खालचे दात, नदीच्या वळणावर अडकलेल्या ओंडक्यांसारखे एकमेकांवर चढलेले. तेव्हा कळलं. माणूस विचार नंतर ऐकतो, तोंड आधी बघतो.

२४ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक आहे. चौदा वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर कुणी उभं आहे. प्रयोगशाळेतली ओउती. वय अडतीस. दात सरळ.

बायकोला हे पटत नाही. सिर्कूनं एवढंच विचारलं की जूनमध्ये तू किती वेळ बोलत होतास. पन्नास मिनिटं, म्हणालो. ती बटाटे सोलत राहिली. तिला राजकारणाचं अंग नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार
दात दुखतात. सगळे. ज्यांचा काही दोष नाही तेही. बोलताना शब्द शिट्टी वाजवत बाहेर पडतात. सकाळच्या पाळीला ‘सुरक्षा समिती’ म्हणालो तर क्रेनवाल्यानं मान वर करून पाहिलं, चहाची किटली उकळते आहे की काय म्हणून.
निर्णय : सवय होईपर्यंत कामावर कमीत कमी बोलायचं. ही माघार नाही, डावपेच आहे.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
कॉफीचा प्रश्न. घरी सकाळी दोन कप. पाळीत दोन सुट्ट्या. जेवणानंतर एक. संध्याकाळी सिर्कूबरोबर एक, कुणी आलं तर दोन. प्रत्येक वेळी ट्रे काढायचा, डबीत ठेवायचा, घासायचं, घालायचं. बाईंनी सुचवलं होतं, कॉफी कमी करा. कारखान्यातल्या कॉफीच्या दोन सुट्ट्या करारात लिहिलेल्या आहेत. आमच्या बापांनी थंडीत फाटकाबाहेर उभं राहून मिळवल्या आहेत. एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी मी त्या सोडल्या तर ते दाती तृण धरणं होईल.
आज ट्रे तोंडात : पंधरा तास. उद्यापासून बावीस.

२ सप्टेंबर, सोमवार
ट्रे दोन. थकलो आहे. कशानं, सांगता येत नाही. बहुधा हाड सरकवायला ताकद लागते.

मशीन दोनवरचा वेइयो आज आपणहून माझ्या टेबलाशी येऊन बसला. आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो, पण कित्येक वर्षांत तो शेजारी बसलेला आठवत नाही. त्याच्या शिकारी कुत्रीबद्दल बोलला. तिला आता कमी ऐकू येतं. एरवी मी त्यावरून पशुवैद्यकांच्या खासगीकरणावर आलो असतो, पण तोंडात ट्रे. मान हलवली.

११ सप्टेंबर, बुधवार
या आठवड्यात आपणहून जवळ आलेली माणसं : सहा. क्रेनवाला, गोदामातल्या दोघी, वेल्डर, वेइयो दोनदा. प्रत्येक जण बसतो, बोलतो, हलका होऊन उठतो. मी फक्त हसतो. चौदा वर्षांत असं घडलं नव्हतं.
दुसरा ट्रे आणि हा परिणाम! आरशात नीट पाहिलं. खालचा डावीकडून तिसरा दात नक्की सरकला आहे. सिर्कूला दाखवला. तिनं चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला आणि जेवायला बस म्हणाली. तिनं डोळे तपासून घ्यायला हवेत.

२६ सप्टेंबर, गुरुवार
ट्रे तीन. याची आतली कड धारदार आहे. जिभेला चीर पडली आहे.

सुट्टी संपल्यावर सगळे गेले, वेइयो बसून राहिला. बराच वेळ कप फिरवत होता. मग म्हणाला, हात थरथरतात. वसंतापासून. पाळी संपत आली की दोन्ही हातांनी धरल्याशिवाय कप उचलत नाही. कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आणखीही काय काय बोलला. माझी जीभ सारखी त्या कडेवर जात होती. पण मान योग्य त्या जागी हलवली.
उठताना दारात थांबला. “तू बदललास, ताइस्तो,” म्हणाला. “आधी तुझ्याकडे काही सांगायला आलं, की तुझंच ऐकून घरी जायचं.”
मी हसलो. आधी ओठ मिटून, मग दात दाखवून. हे हसण्याचं सामर्थ्य आहे. डॉक्टरबाईंना फोन करून सांगावंसं वाटलं. उशीर झाला होता.

५ ऑक्टोबर, शनिवार
सॉना. बावीस तासांचा हिशेब गेल्या आठवड्यात थोडा मागं पडला होता, म्हणून ट्रे तोंडात ठेवूनच वाफेत गेलो. शिस्त. पण सॉनात बिअर ही आलीच, आणि बिअर म्हणजे पाणी नव्हे. ट्रे काढून वरच्या फळीवर ठेवला. नव्वद डिग्री.
बाहेर येताना उचलला तर गाडीच्या काचेमागे विसरलेल्या मेणबत्तीसारखा वाकलेला. मुलीनं तो हातात घेऊन विचारलं की बाबा, हे कुणाचं तोंड आहे. सिर्कू इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं.

७ ऑक्टोबर, सोमवार
दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, आधीचा ट्रे घाला आणि लगेच येऊन दाखवा. आधीचा म्हणजे तिसरा. मागं जायचं! आयुष्यात मी कुठल्याही वाटाघाटीत मागं गेलेलो नाही. सरळ पाचवा उघडला. दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवला. कुठंतरी काहीतरी कटकन वाजलं. प्लास्टिक असावं.

८ ऑक्टोबर, मंगळवार
पाचवा ट्रे तूर्त खिशात. सोबत आहे, हे महत्त्वाचं.
कॉफीच्या खोलीत मात्र तिसरा घालतो. कॉफी झाली की लगेच. तिथंच माणसं भेटतात.

२३ ऑक्टोबर, बुधवार
ओउती वही घेऊन सगळ्या पाळ्यांत फिरते आहे. विचारते, काय बदलायला हवं. लिहून घेते, आभार मानते, जाते. ना भूमिका, ना कार्यक्रम. नुसते प्रश्न. विचारांचं दारिद्र्य याहून उघडं काय असतं?

वेइयोनं वेल्डरला सांगितलं म्हणे, या वेळी ताइस्तोलाच मत, तो माणूस आता ऐकतो. हॉलमध्ये ऐंशीएक जण येतील. त्यातली साठ माझी धरतो. कमीत कमी.

११ नोव्हेंबर, सोमवार
कॅलेंडरप्रमाणे आज ट्रे सात. प्रत्यक्षात तिसरा, तोही अधूनमधून, कारण तोच एक बसतो. पण सात म्हणजे सात. प्रगती कागदावरसुद्धा असावी लागते.

भाषण तयार. जेवण आटोपल्यावर सिर्कूला वाचून दाखवायला सुरुवात केली, आठच्या बातम्या लागल्या तेव्हा मध्यावर होतो. ती म्हणाली, “ताइस्तो, या वेळी बोलू नकोस. कॉफी ओत, लोकांजवळ बस, घरी ये. एवढ्यावर निवडून येशील.”
तिला समजावलं की गप्प बसून इतिहासात आजवर काहीही मिळालेलं नाही. आठ तासांचा दिवस गप्प बसून आला का? मताचा हक्क? ती म्हणाली, निदान बातम्या तरी ऐकू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
ट्रे घरीच ठेवतो आहे. म्यानासकट तलवार चालवता येत नाही. तीन महिने मी मौन पाळलं, आज त्याचं फळ. लोक माझ्या बाजूचे झालेच आहेत, आता त्यांना फक्त पेटवायचं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
जसं घडलं तसं लिहितो.

कामगार भवन भरलेलं. ऐंशी सभासद, मी मोजले, शिवाय पाहुण्यांत सिर्कू. मागं लांब टेबलावर कॉफी आणि सँडविचचा केक. आज वाढायची पाळी वेइयोच्या बायकोची होती, हेल्वीची. मी पंचावन्न मिनिटं बोललो. एकही शिट्टी नाही, प्रत्येक शब्द स्वच्छ. पण चाळिसाव्या मिनिटाला पाहिलं तर काही जण मागं टेबलाकडे वळत होते. नुसत्या तत्त्वानं माणूस जागचा हलत नाही, त्याला जिवंत उदाहरण लागतं. माझ्याजवळ होतं.

नाव घेतलं नाही. हे मुद्दाम नोंदवतो. एवढंच म्हणालो की मशीन दोनवर तीस वर्षं झिजलेला एक माणूस आहे. पाळी संपत आली की त्याचे हात इतके थरथरतात की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. आणि ही गोष्ट त्यानं स्वतःच्या बायकोलाही सांगितलेली नाही, कारण या व्यवस्थेनं कामगाराकडून त्याची थरथरसुद्धा लपवून घेतली आहे!

वाक्य चांगलं होतं. अजूनही वाटतं.

मशीन दोनवर तीस वर्षं झालेला माणूस एकच आहे, हे त्या क्षणी ध्यानात आलं नाही. सगळा हॉल स्तब्ध. कप वाजेना, खुर्ची करकरेना. चौदा वर्षांत मला अशी शांतता मिळाली नव्हती. म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हेल्वीच्या हातात कॉफीची किटली होती. ती तिनं खाली ठेवली. वेइयो उठला, खुर्चीवरची टोपी घेतली आणि भिंतीकडेनं बाहेर गेला. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

ओउती चार मिनिटं बोलली. वहीतून वाचलं.
मतं : ओउती ७१, मी ८. एक बाद.
मोजणी पुन्हा करायला लावली. ओउती ७१, मी ८. एक बाद.

परतताना गाडी सिर्कूनं चालवली. पुलावर म्हणाली, “हेल्वीनं ते तुझ्या तोंडून ऐकलं.” मी म्हणालो, नाव घेतलं नव्हतं. तिनं गाडीतला रेडिओ लावला.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सुट्टी घेतली. पराभवाची कारणं लिहायला बसलो. १) हॉलचे दिवे पिवळे, त्यात दात नीट दिसत नाहीत. २) केक फार लवकर मांडला. तिसरं सुचलं नाही. झोपलो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
निइरानेनबाईंकडे. त्यांनी तोंडाचं नवं चित्र घेतलं आणि ऑगस्टमधलं शेजारी ठेवलं. मला दोन्हींत फरक दिसेना. बाई म्हणाल्या, फरक नाहीच. दात जिथं होते तिथंच आहेत. एक किंचित मागं गेला आहे, तो कसा गेला ते त्यांनाही सांगता येईना. ट्रे रोज किती तास होता, विचारलं. मी म्हणालो, सरासरी काढावी लागेल. त्या गप्प राहिल्या, पेन हातात धरून. या देशात माणसं किती वेळ गप्प राहू शकतात, याचा मी कधी नीट विचार केला नव्हता. शेवटी मीच म्हणालो, सात. कधी आठ.
पुन्हा पहिल्या ट्रेपासून.

२ डिसेंबर, सोमवार
कामावर परतलो. कॉफीच्या खोलीत माझ्या टेबलाशी कुणी नाही. वेइयो खिडकीजवळ, पाठ माझ्याकडे. त्याच्यासमोर कप नव्हता. क्रेनवाला म्हणाला, हल्ली तो चारचौघांत कॉफी घेत नाही, गाडीत जाऊन पितो.

ओउती वही घेऊन आली. समोर बसली. टोमणा मारील असं वाटलं होतं, उत्तरही तयार ठेवलं होतं. तिनं टोमणा मारला नाही.
“वेइयोचं काम मला या आठवड्यात मार्गी लावायचंय,” ती म्हणाली. “तो कुणाशीच बोलत नाही. हेल्वीला त्यानं एवढंच सांगितलं, की तो सप्टेंबरात तुझ्याकडे काहीतरी मागायला आला होता. तेवढं सांग. काय मागितलं त्यानं?”

तोंड उघडलं. ट्रे डबीत होता, अडथळा काही नव्हता. हात, कप, पाळीचा शेवट, बायको, भाषणात घेतलं ते सगळं जसंच्या तसं आठवत होतं. त्यापुढं तो काहीतरी बोलला होता. रात्रपाळी नको म्हणाला होता? दुसरं मशीन? डॉक्टरकडे सोबत ये म्हणाला होता? आवाज आठवतो, बोलताना त्यानं खिडकीकडे पाहिलं तेही आठवतं. शब्द आठवत नाहीत.
ओउती थांबली होती. मी म्हणालो, त्यालाच विचारावं लागेल.
“मग विचार,” ती म्हणाली. वही मिटून गेली.

सुट्टीची सहा मिनिटं उरली होती. उठलो. खिडकीकडे तीन-चार पावलं गेलो. वेइयोची पाठ दिसत होती, मानेवर केस वाढलेले. मग लक्षात आलं, माझी कॉफी झाली आहे आणि दात घासायचे राहिले आहेत. नियम तो नियम. आधी ते केलं, नीट, वरून खाली, पूर्ण दोन मिनिटं. मग ट्रे घातला.
परत आलो तेव्हा खोली रिकामी होती.