इयीनझूची शेवटची पुजारीण

४ नोव्हेंबर

आले एकदाची उमुन्झू गावात. ओनित्शाहून येताना बसमध्ये शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर होती, आणि ती माझ्यापेक्षा शांत बसली होती. खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून आंबा आणि चर्चचे पत्रे दिसतात. घरमालकीण मामा न्वाकाएगो (इथे ‘मामा’ म्हणजे आई) विधवा आहे, बोलकी आहे. आल्या आल्या तिने कडू पानांचं सूप आणि उकडून कुटलेला याम कंद पुढ्यात ठेवला. मी कुणाची कोण, लग्न का राहिलं, हे सगळं माझं जेवण संपायच्या आत तिने काढून घेतलं.

कामही मनासारखं मिळालंय. एनुगूच्या एका संस्थेने मला इथल्या जुन्या देवदेवतांवर ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायला पाठवलंय. इथल्या ओढ्याची देवी इयीनझू. तिच्यावर सध्या दोनच ओळी आहेत: ‘लोप पावलेली देवता. हिची शेवटची पुजारीण शंभरेक वर्षांपूर्वी वारली.’ मी त्या मामाला वाचून दाखवल्या तर ती हसून हसून बाकावर आडवी झाली. म्हणाली, “मग परवा बाजारात भेंडीवरून माझ्याशी भांडली ती कोण?”

७ नोव्हेंबर

आज त्या भांडकुदळ बाईला भेटले. ओयिरिदिया तिचं नाव. वाळलेल्या खारकेसारखी दिसते, पण आवाज शाळामास्तरणीचा. ओढ्याकाठच्या झाडीत देवीचं ठाणं आहे, तिथे ती तिच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. तिने मला कोला, म्हणजे पाहुण्याला देतात ती कडवट बी, दिली, माझ्या मनगटावर पांढऱ्या खडूची रेघ ओढली आणि माझं नाव विचारलं. सोमादिना म्हटल्यावर मान डोलावून म्हणाली, चांगलं आहे, टिकव.

ज्ञानकोशात काय लिहिलंय ते मी सांगितलं. ती जराही चिडली नाही. “मेले म्हणे मी? मग माझ्या मयताला रीतीची गाय कुणी कापली ते विचार त्यांना. माझ्या भावांनी कापली म्हणत असतील तर खोटं आहे, ते कोंबडीसुद्धा कापायचे नाहीत.”

दिवसभर तिथेच होते. तिचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, फोटो काढले. नवस फेडायला आलेल्या दोघी बायकाही बोलल्या. घरी येऊन लेख पहिल्यापासून नवा लिहिला. इतकं चांगलं मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं.

१० नोव्हेंबर

माझं सगळं लिखाण कुणीतरी उलटवलंय, म्हणजे पुसून जुनंच परत ठेवलंय. उलटवणाऱ्याने स्वतःचं नाव ‘ग्रंथपाल’ ठेवलंय. तो कुठे बसतो, कोण आहे, काही कळत नाही. पुन्हा त्याच दोन ओळी, आणि त्यांच्याखाली संदर्भ म्हणून एका पाद्र्याचं जुनं पुस्तक. हा पाद्री इथे एक उन्हाळा राहिला, त्याला इथली भाषा येत नव्हती, आणि त्याने जे लिहिलं ते त्याच्या स्वयंपाक्याने सांगितलेलं.

लेखाला जोडून वाद घालायला एक चर्चापान असतं, तिथे मी लिहिलं की पुजारीण हयात आहे, मी तिच्यासमोर बसून आले. त्याने अतिशय सभ्यपणे उत्तर दिलं की वैयक्तिक निरीक्षण ग्राह्य नाही. ध्वनिमुद्रण? तोंडी माहिती ग्राह्य नाही. फोटो? त्यातली बाई पुजारीण आहे, हे कुठे छापलंय?

कुठेच नाही. ती जिवंत आहे, ती कशाला छापून घेईल?

१५ नोव्हेंबर

एनुगूहून ओन्येबुचींचा फोन आला. मला इथे पाठवणारे साहेब तेच. म्हणाले, भांडू नकोस, वाद झालेला लेख आपल्याला नको. आधी त्याच्या नियमात बसणारं वाक्य घाल, बाकीचं हळूहळू घुसवू. “एका वाक्याने कुणी मरत नाही, सोमादिना.”

मी वाक्य घातलं. स्वतःच्या हाताने, पाद्र्याच्या संदर्भासकट: ‘ही उपासना आता पूर्णपणे लोप पावली असून तिची एकही पुजारीण हयात नाही.’ ग्रंथपालाने लगेच आभार मानले.

१८ नोव्हेंबर

सकाळी मामाला सहज म्हटलं, ओढ्यावर चाललेय, ओयिरिदियाला काही निरोप आहे का? मामा मटार निवडत होती. म्हणाली, कोण गं? मला वाटलं थट्टा करतेय. मी भेंडीच्या भांडणाची आठवण दिली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. इथे पूर्वी ओढ्याच्या पुजारणी असायच्या, तिच्या आजीने सांगितलेलं, पण त्या कधीच्या गेल्या.

ठाण्यावर न्ने ओयिरिदिया होती (म्हाताऱ्या बायकांना इथे मानाने ‘न्ने’ म्हणतात, मीही म्हणते). त्याच स्टुलावर. तिच्या अंगावर धूळ बसली होती आणि तिने ती झटकली नव्हती. म्हणाली, बाजारात कुणी तिला जागा देत नाही, अंगावरून चालत जातात. नातीने काल सगळ्यांची ताटं वाढली, तिचं वाढलं नाही. तिने हाका मारल्या. नात दाराशी आली, बाहेर बघितलं आणि दार लावून घेतलं.

मग तिने मला विचारलं, “कुणी लिहिलं गं ते?”

मी म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी.

२० नोव्हेंबर

ते वाक्य काढायला गेले. पान कुलूपबंद केलंय, ‘वारंवार होणाऱ्या निराधार बदलांमुळे’.

फोटो उघडले. झाडी आहे, ओढा आहे, रिकामा स्टूल आहे. ध्वनिमुद्रणात पाखरं ओरडतात. मी प्रश्न विचारते, थांबते, मग हसते. कशाला हसते ते ऐकूच येत नाही.

त्या दोघी बायकांपैकी एक चर्चच्या पायरीवर भेटली. आपण ओढ्यावर कधी गेलोच नाही म्हणाली. खोटं बोलत नव्हती. माझी कीव करत होती.

२३ नोव्हेंबर

ओढ्याकडे जाणारी वाट नाही. तिथे कसाव्याच्या कंदांचं शेत आहे. शेतकरी खुरपत होता, त्याच्या बापानेही हेच शेत केलं म्हणाला. मी त्याला ओढा विचारला तर त्याने बोअरवेल दाखवली.

परत आले तर न्ने माझ्या खोलीत पलंगावर बसलेली. भर दुपारी. मामा चादर बदलायला आली आणि तिच्या अंगावरूनच चादर टाकून गेली. चादर सपाट पसरली — खाली काहीच नसल्यासारखी.

न्ने म्हणाली, आता तूच एकटी बघतेस मला, कुठे जाऊ? भूक लागलीय म्हणाली. मी सूप दिलं. तिला वाटी धरता येईना.

तेव्हा मी खरं सांगितलं, वाक्य माझं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की मग तुलाही सोडणार नाहीत, कारण तू मला पाहिलंयस.

२६ नोव्हेंबर

ग्रंथपालाने नवीन ओळ घातली आहे. ‘उमुन्झू येथे राहिलेल्या एका स्त्रीने याविरुद्ध काही दावे केले होते, त्यांना आधार मिळत नाही.’

होते. केले *होते*.

मामाने आज एकटीपुरतंच शिजवलं. मी समोर बसले होते.

२८ नोव्हेंबर

ओन्येबुचींना फोन केला. त्यांनी तीनदा ‘हॅलो’ म्हटलं आणि कुणाला तरी सांगितलं की लाइनवर कुणी नाही.

ओळ बदललीय. ‘अशी स्त्री उमुन्झू येथे राहत असल्याची नोंद नाही.’

ज्ञानकोशातलं माझं खातं उघडत नाही. असं सदस्यनाम नाही, म्हणतं.

३० नोव्हेंबर

खोली भाड्याने दिली. नवीन मुलगी, हसरी. मामाने तिला लग्न का राहिलं ते विचारलं. तिची बॅग माझ्या पलंगावर — माझ्या पायांवर — वजन लागलं नाही.

आम्ही दोघी जिन्याखाली बसतो. न्नेला तिचं नाव आठवत नाही. मी सांगते. मला माझं — ती सांगते. आळीपाळीने. थांबायचं नाही असं ठरलंय.

१ डिसेंबर

लेखच वगळायचा का, अशी चर्चा चालू आहे त्याच्या पानावर. कुणी विरोध केलेला नाही. मी ओरडतेय इथून — वाचतंय का कुणी —

नंतर

न्नेला आता तोंड नीट दिसत नाही. म्हणजे मला तिचं. आवाज आहे. मगाशी मला हाक मारायला लागली आणि मध्येच — ‘सो’ — पुढचं तिला येईना. मलाही.

तिचं मला येतंय अजून. तेच म्हणत राहते. तिचं तरी — ओयिरिदिया, ओयिरिदिया, ओयिरि