वाऱ्याच्या वरच्या अंगाला

आत्या,

आधी एक चूक दुरुस्त करते. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी तुझ्यावर लेख लिहिला होता, त्यात एक वाक्य आहे : 'आत्याने मला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली.' असं कधी झालं नाही. तू मला एकदाही मांडीवर घेतलं नाहीस. लेखात ते शोभून दिसलं आणि लिहिताना मलाही खरं वाटलं. त्याच लेखात तू दम्याने गेलीस असंही आहे. घरात सगळे तसंच म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं.

खरं होतं ते असं. सासरच्यांनी तुला आमच्या दारात आणून सोडलं त्या वर्षी मी अजून शाळेत जात नव्हते. सकाळची कामं उरकली की तू आंगणात यायचीस आणि कापसाचा एवढासा पुंजका चिमटीत धरून सोडायचीस. धान्य उपणायला उभ्या राहिलेल्या बायका आधी वारा बघतात ना, तसा. पुंजका तरंगत जिकडे जाईल तिकडे तू बसायचीस आणि मला उलट्या बाजूला बसवायचीस. "तू तिकडं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. मी इकडं." मला तो खेळ वाटायचा. वाऱ्याने तुझ्या अंगावरून माझ्याकडे येऊ नये, माझ्यावरून तुझ्याकडे जावं, एवढाच त्याचा अर्थ होता, हे कळायला मला फार वर्षं लागली. मधल्या मातीत तू पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडाच्या, लांब काडीने अक्षर काढायचीस, मी बोटाने गिरवायची. एकदा मी हट्ट धरला, मांडीवर घे म्हणून. तू काडी आपटलीस. "कायले? तिथूनच वाच मोठ्यानं. मी काय बहिरी हाय काय?" मी रडत आत गेले. तुला मी आवडत नाही, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते.

स्वयंपाकघरात तुझं ताट वेगळं होतं. काठाला लाल रंगाचा ठिपका होता, फळीच्या टोकाला ते उभं असायचं, आणि आई ते सगळ्यांत शेवटी राखेने घासून मग आपले हात दोनदा धुवायची. तुझा पेलाही तसाच. त्या बाबतीत घरात कधी हयगय झाली नाही. पण थंडी पडली की त्याच स्वयंपाकघराला लागून असलेल्या एकुलत्या खोलीत आपण सगळे ओळीने झोपायचो, आणि खिडकीत बारदाना कोंबलेला असायचा. तू उठून तो काढतेस, आई पुन्हा कोंबते. मला ते आत्ता पाहिल्यासारखं दिसतं.

"लेकरू गारठते न, बाई!"

"वयनी, डाक्टर म्हणे हे हवेतून जाते."

"हवा तर सगळ्याइचीच हाय. ताट तुझं हाय."

यावर तू हसलीस आणि हसता हसता खोकत राहिलीस. आईला मी दोष देत नाही. तिला दिसत होतं ते तिने धुतलं. शेजारची बाई विचारायला आली की बाबा बाहेरच्या बाहेर सांगायचे, "दमा हाय तिले, लहानपणापासून." तेही तुझ्यासाठीच. सासरी एकदा तो शब्द निघाला आणि तुला गाठोडं बांधावं लागलं. इथे तरी तुला कोणी त्या नावाने ओळखू नये, असं त्यांना वाटलं. पण दमा असलेली बाई दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात दर वेळी टीबीच्या गोळ्यांच्या खिडकीसमोर उभी दिसली तर लोक ओळखतात. खोकला कमी झाला, अंग जरा भरलं, तशी तू म्हणालीस, "बरं वाटून राह्यलं आता. कायले जाऊ?" बाबांनी "नको जाऊ" म्हटलं. त्यांच्या आवाजात सुटका होती. गोळ्या अर्ध्यात सुटल्या. पुढच्या थंडीत खोकला परत आला, आणि त्या वेळी तो दबला नाही. तू गेलीस तेव्हा मी जोडाक्षरांपर्यंत आले होते.

पुढे मी यवतमाळला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेले. तिथे पहिल्या वर्षी एक प्रयोग असतो. काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य घट्ट बसवलेलं असतं. ती बशी वर्गात थोडा वेळ नुसती उघडी ठेवायची, झाकायची आणि उबेत ठेवून द्यायची. काही दिवसांनी तिच्यावर पिवळे, पांढरे, हिरवट लवदार ठिपके उगवतात. ते सगळं आपण श्वासात घेतलेलं. मी इतकी घाबरले की त्या वर्गात बसले तरी अर्धाच श्वास घ्यायची. मॅडमना विचारलं, यात टीबीचा असेल का? त्या म्हणाल्या, "तो असा बशीवर नाही येत गं, त्याला वेगळं खाद्य लागतं आणि कितीतरी आठवडे लागतात. आणि यातले बहुतेक आपल्याला काही करत नाहीत. बंद खोली, खोकणारा माणूस आणि रोजचा सहवास, एवढं सांभाळ. ताटवाट्यांनी नाही पसरत तो." शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. मी होस्टेलवर येऊन दार लावून बसले. मला ते लाल ठिपक्याचं ताट दिसत होतं, आणि तो पुंजका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाबा अजून जिनिंगमध्येच, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आहेत आणि सध्या हंगाम जोरात आहे. दिवाळीपासून त्यांना खोकला आहे. संध्याकाळी अंग कोमट लागतं. पायजम्याची नाडी आता बरीच लांब लोंबते. टीबीच आहे असं मी म्हणत नाही. रुईचा धुरळाही असेल. पण दादाचं पोर रोज त्यांच्या छातीवर झोपतं. मी खिडकी उघडते, वहिनी लावते. गेल्या आठवड्यात मी बोलले.

"बाबा, थुंकी तपासून घेऊ."

"रुई हाय ते. गूळ खाल्ला का जाते खाली. जिनात कोण नाही खोकत? मॅनेजरचं कुत्रंबी खोकलते."

"कुत्र्याला ताप येत नाही संध्याकाळी."

"तुले बरं मालूम! रविवारी पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले, अन् तू बापाची थुंकी डबीत घेऊन गावभर फिरजो. कोणं पाह्यलं त का म्हणन? तुह्या आत्याचं का झालं, माहीत नाही तुले?"

तुझं नाव त्यांनी बऱ्याच वर्षांनी काढलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एवढं होऊन जाऊ दे, बाई. मंग तू म्हणशीन तिथं येतो." तेव्हा बाळ त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या शर्टाचं बटण चोखत होतं.

मला त्यांच्याशी भांडता येत नाही. मी फक्त ठरवलं आहे. आधी मी माझीच थुंकी देईन; घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, आणि मी पुढे गेले तर त्यांना मागे राहायला लाज वाटेल. तरीही आले नाहीत तर गावातल्या, आरोग्य केंद्राच्या आशाताईंना घेऊन घरी येईन, मग ओरडू देत. पाहुण्यांपासूनही मी काही लपवणार नाही. गोळ्या पूर्ण घेतल्या तर माणूस बरा होतो, हे त्यांना सांगायची माझी तयारी आहे. त्यांनी ऐकून घेतलं नाही तर चहा पिऊन जातील.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही आणि टाकायलाही जागा नाही, म्हणून एक गोष्ट तुला सांगते. रविवारी मला पाहायला येणाऱ्या त्या मुलाचा फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. फोन लावला तर तो आधी 'जेवलात का' विचारतो. मला तो आवडला आहे, आत्या. रविवार आधी पार पडू दे, असं बाबांपेक्षा मलाच जास्त वाटतं. आज सकाळी तर मी मनाशी म्हणूनही गेले, चार दिवसांनी काय बिघडतं. म्हणून रविवारनंतर नको. संक्रांत बुधवारी आहे. करीच्या दिवशी कोणी नवं काम काढत नाही, आई नको म्हणेल. गुरुवारी, करीच्याच दिवशी, पहिल्या बसने दिग्रसच्या दवाखान्यात.