सहावी पायरी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय सत्याहत्तर, निवृत्त टायपिंग शिक्षिका, हे माझं पहिलं आणि बहुधा शेवटचं मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना करून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. तसा प्रयत्न आजवर तिघांनी केला, त्यांतली दोघं माझीच मुलं आहेत. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत बिनचूक गेले. मध्ये एकदा तेच चुकले, ते मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

हा मजकूर मी स्वतः, दहाही बोटांनी, घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केला आहे. त्या कॉम्प्युटरवर मुक्त आणि मोफत प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालते. हे सुरुवातीलाच नमूद करते, कारण पुढची बरीचशी भानगड तिच्यावरूनच आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला निम्मं निम्मं. विकायचं तर खुशाल विका, मी बघायला येणार नाही. स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण बंद होत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही दोघांत सारखं. ह्यावर भांडण होण्याइतकं ते नाही.

कलम ३. माझ्या क्लासातले दोन टाइपरायटर शिल्लक आहेत. मोठा मुलीला, कारण ती खाली न बघता टाइप करते. छोटा मुलाला. तो दोन बोटांनी टाइप करतो, ते मला बघवत नाही. एकतीस वर्षं मी गावभरच्या पोरांना शिकवलं आणि दिव्याखाली अंधार राहिला. लहान टाइपरायटर त्याने कपाटावर शोभेला ठेवू नये. सरावाला बसावं.

कलम ४. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला. सहा वर्षांपूर्वी माझा कॉम्प्युटर इतका हळू चालायला लागला की बटण दाबून मी कपडे वाळत घालून यायचे. कॉम्प्युटरवाल्याने झाकण उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "आजी, आता हे काही खरं नाही. नवीन प्रणाली ह्याला झेपणार नाही. दिवस भरले." बोलत होता यंत्राबद्दल, बघत होता माझ्याकडे. ह्या गृहस्थाला मी एक भेट ठेवून जाते: माझ्या पश्चात कोणीतरी त्याला तीन जिने चढवून वर आणावं, तोच कॉम्प्युटर त्याच्यासमोर सुरू करावा, आणि काहीही न बोलता परत पाठवावं.

कलम ५. आता मुद्द्याचं.

माझे दिवंगत पती, ज्यांना मी जन्मभर 'हे' म्हणत आले आणि कायद्याच्या कागदातही तेच म्हणणार, त्यांनी शेवटची दोन वर्षं एकच उद्योग केला. घरातल्या पत्र्याच्या डब्यातले एकोणीसशे फोटो एकेक करून कॉम्प्युटरमध्ये उतरवले आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहिली. माझ्या एका फोटोखाली होतं, 'ही रागावलेली नाही, दाढ दुखते आहे.' स्वतःच्या ऐटबाज फोटोखाली, 'सायकल उसनी. शर्टही.' शेवटची ओळ लिहून झाल्यावर तीन आठवड्यांनी ते गेले.

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवाल्याने वरचा निकाल दिला तेव्हा माझे दीर, म्हणजे भाऊजी, मदतीला आले. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर त्यांना ह्या मोफत प्रणालीचं वेड लागलं होतं. मी म्हटलं, "फुकट म्हणजे नक्की काहीतरी गोम असणार." ते म्हणाले, "वहिनी, जगभरच्या लोकांनी मिळून केलीय. आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. जुन्या यंत्रावरसुद्धा पळते." पेन ड्राइव्ह आणि स्वतःच्या अक्षरात पायऱ्या लिहिलेला कागद माझ्या हातात देऊन ते गेले. पहिल्या पाच पायऱ्या मी हात बसावा म्हणून करून बघायच्या होत्या: पेन ड्राइव्ह लावा, यंत्र सुरू करा, भाषा निवडा, कीबोर्ड निवडा, वाय-फाय जोडा. सहावीला डिस्कचे दोन भाग करून जुनं सगळं एका बाजूला जपून ठेवायचं होतं. ते नाजूक काम भाऊजी दुसऱ्या दिवशी स्वतः करणार होते. फोटोंची नक्कल घ्यायला वेगळी डिस्कही तेव्हाच आणणार होते. सातवीपासून पुढे नुसतंच एंटर, एंटर, नाव, पासवर्ड, एंटर.

पण भाऊजींना साधं बोलता येत नाही, तसं साधं लिहिताही येत नाही. कागदावर शब्दशः असं होतं: 'पायरी सहावी. इथे हाताची घडी घालून शहाण्या मुलीसारखं बसायचं. मास्तर उद्या येतील.'

एकतीस वर्षं मी लोकांना हाताची घडी घालून बसवलं. म्हटलं, मास्तर उद्या येतील तेव्हा त्यांना नवीन प्रणाली सुरूच दाखवू. घडी त्यांनाच घालायला लावू. सहावी ओळ मी वगळली आणि सातवीला लागले.

टायपिंगच्या क्लासात पहिला धडा एकच असतो: नजर कागदावर, बोटं कळांवर, कागद संपेपर्यंत मान वर करायची नाही. हा धडा मी हजारो मुलांना दिला आणि त्या दिवशी स्वतः पाळला. कागदावर एंटर होतं, मी एंटर दाबलं. त्या वेळी पडद्यावर यंत्र मला, हे नंतर कळलं, शुद्ध मराठीत विचारत होतं की ह्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मान वर केली तेव्हा समोर सुंदर निळी नवी प्रणाली होती आणि जुनं काहीच नव्हतं.

फोटो डब्यात आहेत. ह्यांच्या एकोणीसशे ओळी गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाऊजींच्या आधी थोरलाच आला. "बाबांचं सगळं कुठेय? कोणी केलं हे?" मी म्हणाले, "ही प्रणाली भाऊजींनी आणली." ह्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. टायपिंगच्या परीक्षेत एक अक्षर गाळलं तरी मी गुण कापायचे, आणि इथे अख्खं वाक्य गाळलं. थोरल्याने तिथूनच स्पीकरवर फोन लावला. "काका, येत नाही त्यात हात कशाला घालता? आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला परत हात लावू नका." भाऊजींनी विचारलं, "वहिनी आहेत का जवळ?" मी समोरच बसले होते. मी थोरल्याला मानेनेच नाही म्हटलं, त्याने तसं सांगितलं. भाऊजी "बरं" म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी ह्या घराचा जिना चढलेला नाही.

खरं सांगितलं तर मुलं कॉम्प्युटर काढून घेतील, असं मी स्वतःला समजावत आले. तेही खोटंच. ह्यांची शेवटची दोन वर्षं मी एका बोटाने पुसली, हे मला माझ्याच तोंडून ऐकवत नव्हतं. मला लाज वाटत होती आणि अजून वाटते. तरी ह्या कलमाद्वारे जाहीर करते की डिस्क मी पुसली. भाऊजींचा त्यात काडीचाही दोष नाही. थोरल्याने काकांची माफी मागावी. असं कलम कोर्टात टिकत नाही, असं खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या. घरात टिकलं तरी पुरे.

कलम ६. तो कॉम्प्युटर भाऊजींना. प्रणाली मी एकटीने शिकले. प्रिंटर जोडायला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत तोंडातून आलेले शब्द मी इथे टाइप करणार नाही. टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला मला फार आवडतं. तिथे माउसचा काही संबंध नाही, आणि पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीसुद्धा उमटत नाही, म्हणजे बोटांवर विश्वास ठेवणाऱ्याचंच ते काम आहे. ह्यांच्या ओळी मी सहा वर्षं आठवून आठवून परत लिहिते आहे. चौदाशे अठ्ठ्याऐंशी झाल्या. चारशे बारा फोटो उरलेत, ते ह्यांच्या लहानपणचे, लग्नाच्या फार आधीचे. त्यांत कोण कोणाच्या खांद्यावर बसलंय आणि का रडतंय हे जगात आता एकाच माणसाला माहीत आहे. ते चारशे बारा भाऊजींनी भरावेत. ह्या खेपेला नक्कल आहे, दोन ठिकाणी.

कलम ७. पासवर्ड मुलीला तोंडी सांगितला आहे. थोरल्याला सांगायचा की नाही ते त्याच्या टायपिंगच्या वेगावर तिने ठरवावं.

पुरवणी, सहीच्या दिवशी जोडलेली.

साक्षीदाराने फक्त माझी सही होताना बघायची असते, मजकूर वाचायची गरज नसते. पण समोरच्या शिंपीणबाईंना कापडसुद्धा उलटंपालटं करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "बाई, हे तुमचे भाऊजी तुमच्याहून किती लहान?"

"दोन वर्षांनी."

"म्हणजे पंच्याहत्तर. आणि आधी तुम्हीच जाणार हे पक्कं ठरलंय का?"

हा सगळा कबुलीजबाब मी अशा दिवसासाठी लिहिला होता ज्या दिवशी मला कोणी ओरडू शकणार नाही. समोरचा माणूस तोवर असेलच, हे मी धरून चालले होते. शिंपीणबाईंनी माझाच फोन माझ्या हातात दिला.

भाऊजी अकरा वाजता आले. प्रत्येक मजल्यावर थांबून, इमारतीला लिफ्ट नसल्याबद्दल बांधणाऱ्याचा उद्धार करत आले. पाचवं कलम त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"मला माहीत होतं, वहिनी," ते म्हणाले. "मी नाही पुसली म्हटल्यावर उरलं कोण?"

"मग सहा वर्षं गप्प का बसलात?"

"दादाला जाऊन वर्ष नव्हतं झालं. पोरगा तुमच्यावर ओरडला असता. माझ्यावर ओरडला, ठीक आहे. पण तुम्ही एक फोन कराल असं वाटलं होतं. वाट बघितली मी."

मी त्यांची माफी मागितली. मग त्यांच्यासमोरच थोरल्याला फोन लावला, पाचवं कलम वाचून दाखवलं, आणि फोन काकांच्या हातात देऊन चहा ठेवायला आत गेले. चहा उकळून उकळून काळा झाला तरी दोघांचं बोलणं संपेना. शिंपीणबाईंनी तो तसाच प्यायला.

त्यानंतर भाऊजी म्हणाले, "दुसरा साक्षीदार मीच होईन." मी सांगितलं की साक्ष करणाऱ्याला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, कॉम्प्युटर हातचा जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे. तुम्ही मरेपर्यंत त्या फोटोंसाठी थांबू की काय?" आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले. सबब कलम ६ रद्द. कॉम्प्युटर मुलीला.

स्थळ: माझं स्वयंपाकघर, टेबलाची खिडकीकडची बाजू.
वेळ: मंगळवार, दुपारी पावणेदोन. भरायचे राहिलेले फोटो चारशे सहा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: (सही) समोरची शिंपीण. सही माझ्यादेखत झाली. चहा कडू होता.

साक्षीदार दुसरा: (सही) दीर. सही माझ्यादेखत झाली. माझ्याकडूनही एक नोंद असावी. सहावी पायरी मी चेष्टेने लिहिली, ती माझी चूक. तिथे नुसतं 'थांबा' लिहिलं असतं तर वहिनी थांबल्या असत्या.

दुसऱ्या साक्षीदाराचं वरचं शेवटचं वाक्य चूक आहे. मी थांबले नसते. (सही) मृत्युपत्र करणारी