घरच्यांना चिखलबंदी

दि. २५ जुलै २००३, शुक्रवार
(लाइट आहे तोवर लिहून घेते.)

तीर्थरूप अच्युतदादास,

धाकट्या दमीचा वाकून नमस्कार. शुभावहिनींनाही सांग, पण हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस, यात किडे आहेत.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे ह्यांचा गुडघा सोडला तर. पण गुडघ्याचं ते आमच्या लग्नापासून सांगतायत, त्यामुळे त्यालाही बरंच म्हणायचं. तुझं बीपी कसं आहे, वहिनींचं पित्त कसं आहे, गॅलरीतलं मनीप्लांट जगलं का, ते कळव. पाऊस लागून राहिलाय, पडवीत कपडे वाळत नाहीत, आणि मी सरपंच झाल्यापासून त्या ओल्या कपड्यांखालीच गावची माणसं येऊन बसतात. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर फोन त्याच पडवीला लागून आहे. दुसरं म्हणजे फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस (लहानपणी खेळातही देत नव्हतास). पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा सावकाश वाच, आणि पेपरातल्या कोड्यासारखं आधी खालचं उत्तर बघू नकोस.

विषय चिखलाचा आहे. आपल्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जो चिखल उघडा पडतो, तो तुला मी काय सांगणार, तू त्यात माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिला आहेस. त्या चिखलात ते लालसर, बोटभर किडे असतात. आमच्या वाडीतल्या बायका पूर्वीपासून ओहोटीला जातात, खुरपीने मूठभर किडे काढतात, गळाच्या गरीला लावतात आणि चार मुडदुशा मासे गरवून आणतात. चिखलाचं काही बिघडलं नव्हतं, मुडदुशीचं नव्हतं, बायकांचं नव्हतं. मग एका दिवाळीत तू एकटा आलास. मला केवढा आनंद झाला, भाऊ भाऊबिजेला आला म्हणून. (तू गळाची काठी घेऊन आला होतास हे मी आनंदात पाहिलंच नाही.) पुढच्या वेळी तू आणि ते पेठे. मग पेठ्यांचे व्याही. मग तुमचं अख्खं हौशी गळ मंडळ, टोप्या घालून, फावडी आणि बादल्या घेऊन. सकाळी चिखलात उतरायचे आणि बटाटे काढावेत तसे किडे काढायचे. वापरायचे थोडे, बाकीचे ओल्या फडक्यात गुंडाळून डोंबिवलीला. तिथे त्यांचं काय करता, ते मला अजून कळलेलं नाही. आणि दादा, खणलेला खड्डा बुजवावा, हे तुम्हा शिकल्यासवरलेल्या माणसांपैकी एकालाही सुचू नये ना?

आता तिथे चिखल आहे, खड्डे आहेत, किडा नाही. किडा नाही म्हणून मुडदुशी किनाऱ्याला येत नाही. आणि मुडदुशी येत नाही म्हणून हिरा जाते म्हणते. हिरा म्हणजे आमच्या पाखाडीच्या पायऱ्यांखाली राहते ती, तुला मागे रव्यात घोळवून मुडदुशी तळून दिली होती आणि तू जेवताना अवाक्षर बोलला नव्हतास, ती. तिचा सगळा संसार त्या गरीवर चाललेला. शिमग्याच्या आधी येऊन म्हणाली, "वयनी, आमी काय खावचा? मी आपली हर्ण्याला भयनीकडं जातंय. मासळीच्या लिलावात टोपल्या उचलीन." मला ते फार लागलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला मासा साफ करता येत नव्हता, तो हिराने शिकवला, सासूबाईंच्या नकळत, मागच्या दारी. ती गेली तर पाखाडी उतरायला मला कारणच उरणार नाही. आणि ती कोणामुळे जाणार, तर माझ्या माहेरच्या माणसांमुळे.

वर्षभर कोणी खणलं नाही तर किडा पुन्हा धरेल, तेव्हा मी सरपंच या नात्याने चिखल राखायचं ठरवलं. पण राखायचा कसा? तालुक्याला जाऊन विचारलं. एका खिडकीने सांगितलं, किडा हा मासा नाही. दुसरीने सांगितलं, जनावरात बसत नाही. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंना मी त्याचं वर्णन करून सांगितलं, तर त्यांनी जेवणाचा डबा बंद करून ठेवला. (शुभावहिनींसारख्याच नाजूक दिसल्या.) मग उरली आपली जुगाईदेवी. शिमग्याला सगळा गाव देवळात होता, तेव्हा मी गाऱ्हाणं घातलं आणि कौल मागितला. तू मुंबईकडचा झालास, विसरला असशील: आमचा बाबल्या गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण विचारायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी विचारलं, आई, पुढच्या शिमग्यापर्यंत चिखल खणायला बंदी घालू का? उजवी पडली. इतकी स्वच्छ पडली की माझे डोळे भरून आले.

तिथेच घरी यायला हवं होतं. पण आमचे उपसरपंच रावजी पुढे झाले. (त्यांच्या मुलाने घरगुती राहण्याजेवणाची सोय काढली आहे, पाटी तू वाचली असशील, तुमच्या मंडळातले निम्मे तिथेच उतरतात.) त्यांनी हात जोडून विचारलं, आई, गावात आलेल्या पाहुण्याला अडवायचं का? आता मला सांग, कुठली देवी पाहुण्याला अडव म्हणेल? डावी पडली. झालं. सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला आणि मी बाबल्याकडे. चिखल खणायला बंदी, आणि पाहुण्याला अडवायचं नाही. दोन्ही कौल खरे. दोन्ही एकत्र केले की अर्थ असा निघाला, की बंदी फक्त गाववाल्यांना.

मी म्हटलं हे उलटं झालं. रावजी म्हणाले, वहिनी, देवीच्या वर सरपंच का? दुसऱ्या दिवशी मी माझ्या हाताने हिराची खुरपी पंचायतीच्या कपाटात ठेवली. आणि त्याच आठवड्यात तुमचं मंडळ आलं तेव्हा तुमची फावडी माझ्याच हाताने धुऊन पडवीत उभी केली. हे म्हणाले, तू नक्की कोणाच्या बाजूची? मी म्हटलं, मला ठाऊक असतं तर चहा टाकला असता का? तुम्हाला तर कौल ऐकून इतका आनंद झाला की मे महिन्यात तुम्ही वर्गणी काढून देवळाला पंखा दिलात. पात्यांवर नावही घातलंत, एकावर हौशी, एकावर गळ मंडळ, एकावर डोंबिवली. पंखा फिरायला लागला की काही वाचता येत नाही, ते एक बरं आहे.

पुढचं ऐक. एका शनिवारी दुपारी दारात हिरा. हातात पिशवी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. दोन दिवस हर्ण्याला बहिणीकडे राहून एसटीने आली होती. पिशवीतून बिस्किटचा पुडा काढून माझ्या हातात दिला, पाटावर बसली, पाणी मागितलं आणि म्हणाली, मी पाव्हणी हाय. पाणी पिऊन तडक चिखलात गेली, बहिणीची खुरपी घेऊन. मी तिला अडवू शकले नाही. पाहुण्याला अडवायचं नाही, हा कौल. आणि बिस्किटं मी खाल्लेली.

हे वाडीत पसरायला वेळ लागला नाही. सकाळच्या गाडीने माणसं गणपतीपुळ्याला जायची, दर्शन घ्यायची आणि दुपारी पाहुणे होऊन परत. कोणी देवरूखला सासुरवाडीला तोंड दाखवून आलं. म्हातारी सोनूबाई, जिला बस सोसत नाही, ती समोरच्या घरी जाऊन बसली आणि मी यांच्याकडे पाहुणी आले म्हणाली. बरं, प्रत्येक जण आधी माझ्याकडे हजेरी द्यायचा, हातात काहीतरी घेऊन. आमच्या घरी प्रसादाचे नारळ आणि बिस्किटं इतकी साठली की ह्यांनी गुडघ्याचं नाव काढणं सोडलं. गावात गाववाला म्हणून उरले होते मी आणि बाबल्या. आणि बंदी आमच्या दोघांवर.

हसू नकोस. कारण त्या महिन्यात जेवढा चिखल खणला गेला तेवढा तुम्ही तीन वर्षांत खणला नसाल. ज्यांनी जन्मात गरी धरली नव्हती तेही खणत होते, पाहुण्यांना मोकळीक आहे म्हणून. शेवटी किड्याचं शेपूटही दिसेना. हिरा एका दुपारी रिकामा डबा घेऊन वर आली, बहिणीची खुरपी माझ्या पायरीवर ठेवली आणि पदर तोंडाला लावून रडली. म्हणाली, मीच पयली पाव्हणी झाली, वयनी. खड्डे तुमचे, वाट तिची, आणि बंदी माझी. यातलं नेमकं काय चुकलं हे मला आजही धड सांगता येत नाही. नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला दिला की निघते म्हणाली.

आणि त्यावर गेल्या सोमवारी तुझा फोन. दमे, राखीला येतोय, मंडळही येतंय, मिनीबस केली आहे. राखी नि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी, हे काय मला माहीत नव्हतं? पण तू मिनीबस म्हणालास आणि माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही एकदम आलं: इकडून तुम्ही फावडी घेऊन उतरताय, आणि तिकडे हिरा पिशवी घेऊन गाडीत चढते आहे. मी हो म्हणाले. माझ्या तोंडून नाही निघालंच नाही. भावाला येऊ नको म्हणायचं कसं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

म्हणून काल दुपारी पुन्हा देवळात गेले. रावजींनाही बोलावलं, मागाहून शंका नको. देवळात छान गार वाटत होतं. बाबल्याने पाकळ्या लावल्या. मी म्हटलं, आई, गावात येणाऱ्याला तू पाहुणा म्हणालीस. पण हा अच्युत माझा सख्खा थोरला भाऊ. मला सायकल यानेच शिकवली आणि पाडलंही यानेच. आमच्या घरात कधी पाट मांडायची वाट बघत नाही, स्वतः डब्यातले लाडू काढून खातो. तो घरचा असेल तर उजवी दे. बाबल्याचा हात अजून मागे आला नव्हता, तेवढ्यात उजवी पडली.

रावजींनी देवीला हात जोडले आणि चपला शोधायला लागले. तू घरचा. घरच्यांना चिखलबंदी आहे. मंडळ तुझ्या नावावर येतं, म्हणजे तेही घरचे. आणि आमच्या वाडीतले सोंगाडे पाहुणे तर कधीचेच घरचे. अशी आता सगळ्यांना बंदी, पुढच्या शिमग्यापर्यंत, देवीच्या शब्दाने. हिराला जाऊन सांगितलं. तिने विचारलं, तुमचा भाव ऐकंल? मी म्हटलं, ऐकेल. ती म्हणाली, राखीला बघतंय, मंग पिशवी भरायची का सोडायची ते ठरवतंय. तोवर आमच्या कलमांखालचं गवत काढते आहे.

तेव्हा मंडळाला तुझ्या भाषेत समजाव. सर्वांना यथायोग्य.

तुझी,
दमयंती

ता. क. राखी सोबत घातली आहे. म्हणजे राखीसाठी म्हणून येण्याची गरज उरली नाही. (हे वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, गिचमिड झाली असेल तर त्यामुळे.)

ता. क. दुसरा. ओवाळणीत या वर्षी साडी नको. मागची अजून घडीतच आहे. ओवाळणी म्हणून चिखल दे. नुसता सोडायचा आहे, पाकिटात घालायला काही नाही.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून फाडून टाक. बाबल्या आज सकाळी हळूच येऊन गेला. म्हणाला, काल कौलाच्या वेळी पंखा चालू राहिला होता. तुमचाच, हौशी गळ मंडळाचा. त्याचं म्हणणं, तो कौल धरू नये, लाइट गेली की पुन्हा विचारू. लाइट इथे रोज जाते, विचारायला काही अडचण नाही. पण मी विचारणार नाही, दादा. चिखलासाठी नाही, हिरासाठीही नाही. वारा नसताना देवीने डावी दिली, आणि तू घरचा नाहीस असं निघालं, तर मी काय करायचं?

तू ये. मिनीबस नको, फावडं नको. नारळीभात करते.