पहिली ओळ माझ्या हाताची

सोमवार, ४ जानेवारी १९८८
नोकरी लागली! मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून कॉम्प्युटरमध्ये आकडे भरायचे. टायपिंग क्लासच्या बाई म्हणायच्या की सुलक्षणा बोटं आपटते. आता आपटायचा पगार मिळणार!

चिकटवलं बाबांनीच. ते पत्रा दाबायच्या प्रेसवर आहेत. तिथे डॉ. पाठारे येतात. प्रेसवर राबून कामगारांचे पंजे वाकडे होतात हे त्यांना सिद्ध करायचंय. ते झालं तर वाकलेल्या हातांना हलकं काम मिळेल आणि हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी बसेल. साठ जणांचे उजवे हात कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून घेतले. रांगेत पहिले अर्थात बाबा, काशीराम. माझी मुलगी टायपिंग शिकलीय असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं आणि डॉक्टरांनी इथे शब्द टाकला.

बाबांचा पंजा एकतीस वर्षांत पार मिटलाय. जेवतात चमच्याने. एके काळी अख्ख्या चाळीची गावाकडची पत्रं तेच लिहून द्यायचे. चारकोपला घर मिळालं, पण घरात पेन धरणारी आता मी एकटीच.

बुधवार, ६ जानेवारी
आमच्या मुख्य नलिनीताई. तोंड फटकळ, पण शिकवतात झकास. प्रत्येक हातावर तेरा खुणा केल्यात: बोटांची टोकं, पेरं, मनगट. आलेखाच्या कागदावर प्रत्येक खूण आडवी आणि उभी मोजायची. एका हाताची एक ओळ, तीत सव्वीस आकडे. दुसऱ्या फाइलीत फक्त नोकरीची वर्षं, त्याच क्रमाने. नावं कुठेच नाहीत. यंत्र पहिला हात पहिल्या वर्षांशी जुळवतं, दुसरा दुसऱ्याशी, आणि वर्षं वाढतात तसा आकार किती बिघडतो ते शोधतं. त्याला रिग्रेशन म्हणतात. एक ओळ सरकली तर सगळ्याची वाट लागेल, हे ताईंनी मला तीनदा बजावलं.

इथे पद्धत आहे की नव्या माणसाने पहिली ओळ स्वतःच्या हाताची भरायची, सराव म्हणून. काम संपलं की ती पुसायची. मी माझा हात गिरवला. बोटं कशी सरळसोट! ताई म्हणाल्या, लग्नाच्या जाहिरातीत हाच फोटो दे गं.

मंगळवार, १२ जानेवारी
संपलं! शेवटी जरा तारांबळ उडाली. हातांच्या फाइलीत एकसष्ट ओळी निघाल्या, वर्षांच्या फाइलीत साठ. डॉक्टर दारात उभे, ताई डोक्यावर उभ्या. मी शेवटची ओळ पुसली. साठाला साठ झाले. डॉक्टर फ्लॉपी घेऊन गेले आणि मला शाबासकीही देऊन गेले.

गुरुवार, १४ जानेवारी
संक्रांतीचे लाडू वळताना करंगळी आखडली. आणि तेवढ्यात लख्ख आठवलं. जास्तीची ओळ माझी होती. मी पुसली ती शेवटची, म्हणजे दशरथची; रांगेत कोण कुठे होतं ते बाबांनी घरी सांगितलं होतं. गेल्या वर्षीच लागलेला, बिचारा अजून मिशी फुटतेय त्याला.

म्हणजे माझ्या हातासमोर बाबांची एकतीस वर्षं. बाबांच्या हातासमोर रांगेत दुसरा असलेल्या बाळ नावाच्या कामगाराची दोन. पुढे सगळेच एकेक घर सरकलेले. दशरथ तर फाइलीत नाहीच.

ताईंना सांगितलं तर दहा दिवसांत घरी बसेन. गप्प राहिले. मला माझीच लाज वाटते.

सोमवार, १८ जानेवारी
डॉक्टर आले होते, चेहरा उतरलेला. हाताच्या आकाराचा आणि वर्षांचा काही संबंध नाही असं यंत्राने सांगितलं. मालक खूश. जाळी नाही, हलकं काम नाही. डॉक्टर माझ्यासमोर ते कागद पुन्हा पुन्हा उलगडत होते. मी हात मांडीवर दाबून बसले. तीन बोटं आता उघडत नाहीत.

घरी आले तर बाबा दारात नाचत होते. गो बाय, माझो हात सुटलो, असं सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होते. खरंच सुटला. बोटं सरळ झाली, जशी दोनच वर्षं प्रेसवर असलेल्या त्या बाळची आहेत. पाचही बोटांनी भात कालवून जेवले, मग मावशीला कार्ड लिहिलं. नऊ वर्षांनी. मी मोरीत जाऊन रडले.

गुरुवार, २१ जानेवारी
दशरथचा हात प्रेसमध्ये गेला. मनगटापासून. जाळी असती तर —

नाही. जाळीचं नाही. मी त्याची ओळ पुसली. सव्वीसच्या सव्वीस आकडे, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत —

बाबा सांगताना रडत होते. डोळे पुसत होते त्याच सरळ बोटांनी.

शनिवार, २३ जानेवारी
डाव्या हाताने लिहितेय. मलाच धड वाचता येत नाही. उजवा पूर्ण मिटला. ओळखीचा पंजा आहे — ते वळण, तो अंगठा — लहानपणी हाच धरून शाळेत जायचे.

डॉक्टरांच्या ऑफिसात फोन केला. डॉक्टर फ्लॉपी घेऊन दिल्लीला गेलेत. तिथले लोक पत्र पाठवा म्हणाले.

ताईंनी कामावरून काढलं. हाताकडे बघून. जिच्यासाठी गप्प राहिले ती नोकरी —

पत्र लिहायला हवं. पण फाइल सुधारली तर बाबा — बाबांना कसं —

आज ते शेजारच्या तिघांची पत्रं लिहून देत बसलेत.

सोमवार, २५ जानेवारी
हे अक्षर बाबांचं आहे. मी सांगतेय, ते लिहितायत, तोंडातून निघेल तो शब्दन्‌शब्द. आधी वहीत कच्चं, मग कार्डावर. लिहायला मिळालं म्हणून खुशीत आहेत.

डॉक्टरसाहेबांस नमस्कार. चूक माझी आहे. हातांच्या फाइलीतली पहिली ओळ माझ्या हाताची, ती काढा. शेवटी दशरथची घाला. त्याचा हात परत येईल की नाही माहीत नाही, पण त्याची जागा त्याला द्या. मग प्रत्येक हातासमोर त्याची स्वतःची वर्षं येतील. मशीनला जाळी बसेल. बाळच्या हातासमोर बाळची दोन —

बाबा विचारतायत, आणि माझ्या हातासमोर?

तेही लिहा, बाबा. काशीराम यांच्या हातासमोर एकतीस. त्यांचा हात जो सुटलाय तो —

बाबा, थांबू नका. लिहा ना. तो पुन्हा