तांदळातलं नाव

वाशी, १२ सप्टेंबर १९८४

प्रिय सुधीर,

देहरादूनहून पाठवलेला तुझा लेख टाइप करायला बसले आणि तिसऱ्या पानावर हात थांबला. थांबला कसला, आपटला! आंबोलीच्या ओंडक्यातून निघालेल्या भुंगेऱ्याच्या मादीला तू गेल्या वर्षी नाव दिलंस, ते ठीक. आता त्याच ओंडक्यातला बुटका किडा म्हणजे म्हणे दुसरीच नवी जात! अरे, तो तिचाच नर आहे. लाकडात बोगदे कोरायचे, आत बुरशीची शेती करायची, ती पोरांना भरवायची, सगळं मादी करते. हा पठ्ठ्या जन्मभर घरात बसून. त्याला उडताही येत नाही. एकाच बोगद्यातून दोघांना मी चिमट्याने काढलं, तेव्हा तू आतल्या खोलीत पेपर वाचत होतास.

दुसरा राग गावाचा. 'आढळ: वाशी' असं गेल्या वर्षी छापून मोकळा झालास. खाडीकाठच्या या भरावावर सदाहरित जंगलातला किडा नांदेल? ओंडका मी माहेराहून, आंबोलीहून, एसटीच्या टपावर टाकून आणला. आपल्या बाल्कनीत भुंगेरे फक्त बाहेर पडले. मासळी घेऊन येणाऱ्या शिरवण्याच्या गिरजाबाई तो ओंडका बघून म्हणाल्या होत्या, बाय, ह्ये लाकूड हाय का चालनी? आता कोणी हा किडा शोधत वाशीला येईल आणि मिठागरं बघून परत जाईल. उद्या आंबोलीची झाडं तोडायला निघाले, तर तिथे काही होतं असं कोण सांगणार?

चिडून चिडून दमले, मग हसू आलं. लग्नात ताटातल्या तांदळावर तू अंगठीने 'सुमेधा' लिहिलंस, तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते. मला नवं नाव, नवं गाव मिळालं. बिचाऱ्या किड्याला वेगळं काय मिळणार! लेखाच्या शेवटी 'टंकलेखनाबद्दल सौ. सुमेधा हिचे आभार' आहेत. ते वाचून मात्र रडले, रागाने.

पण आपल्या शास्त्रातला एक नियम मला फार आवडतो. कॉलेजात आपण दोघांनी तो एकाच बाकावर घोकला होता: एकाच जिवाला दोन नावं पडली, तर आधीचं टिकतं. म्हणून लेख टाइप न करता परत पाठवतेय. दुरुस्तीचं टिपण मी काल स्वतःच नियतकालिकाकडे धाडलं: जात एकच, आढळ आंबोली. छापून आल्यावर ही बाई कोण, असं विचारू नकोस.

तुझीच,
जयमाला