सुनेचा अभ्यास, माझा चहा

लाडक्या धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही आहेत तिथेच आहेत, फक्त उठताना आपापसांत कुरकुरतात. तुझा लेक, सून खुशाल असतीलच. दुखण्यातून उठल्यावर लेकाने तुला आपल्याकडे नेलं ते फार चांगलं केलं. आमच्या शेजारच्या त्या खोलीत तू एकटीने राहणं बरं नव्हतंच. तिथेच सुखाने राहा, माझी मुळीच काळजी करू नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने बोलता येईल. अक्षर आमच्या सूनबाईंचं आहे. मला अक्षर कुठलं! मी बोलते, ती लिहिते. मधेच कुठे अक्षर वाकडं झालेलं दिसलं, तर तिथे तिच्याविषयी काही आलं आहे असं समज.

तर बातमी अशी, की सूनबाई या वयात पुन्हा शिकायला लागली आहे. मानसशास्त्र. माणसाला चव, वास, स्पर्श कळतो कसा, शुद्धीत असणं म्हणजे काय, सवय लागते कशी, असलं सगळं तिच्या जाड पुस्तकात आहे. आता प्रयोगाला माणूस लागतं, आणि घरात रिकामं माणूस एकच. पहिल्या दिवशी तिने माझे डोळे बांधले, नाक चिमटीत धरलं आणि जिभेवर एक फोड ठेवली. मग दुसरी. एक सफरचंदाची होती आणि एक कच्च्या बटाट्याची, म्हणे. ‘आई, काही फरक वाटला?’ मी म्हटलं, तुझ्या हातचं मला नेहमी असंच लागतं. (लिही, लिही, तोंड वाकडं करू नकोस.) तर म्हणे, चवीतलं निम्म्याहून जास्त काम नाक करतं. मग आणखी एक दिवस करकटकाची दोन टोकं पाठीवर टेकवली आणि विचारलं, किती? मी म्हटलं, एक. तीच टोकं बोटावर टेकवली तर दोन! म्हणजे इतकी वर्षं मी त्या पाठीला टेका देत आले, आणि तिला साधं दोन कळत नाही.

पण एक गोष्ट मात्र तिने खरी सांगितली. एकच आवाज, एकच वास सारखा येत राहिला की माणसाला तो कळेनासा होतो. थांबला की कळतं, अरे, इथे काहीतरी होतं. धाकटे, तुझा तो खोकला! भिंतीपलीकडे तू दिवसभर खोकायचीस, आणि शप्पथ सांगते, मला कधी ऐकूच आला नाही. तू गेलीस त्या दुपारी जरा आडवी झाले, तर घर इतकं गप्प, की वाटलं आपले कानच गेले. सुनेला म्हटलं, बघ गं, मला ऐकू येत नाहीये. ती म्हणाली, ‘आई, तुम्हाला ही शांतता ऐकू येतेय म्हणून तर तुम्ही मला बोलावलंत.’ शिकली आहे खरी.

आता मुख्य गोंधळ ऐक. तुझ्या खोलीत एक बाई राहायला आली. तसबिरींना चौकटी करते, काचा कापते, खिळे ठोकते. बाई गोड आहे, पण तिचं ते ठोकणं! तू पळीने भिंतीवर ठकठक करायचीस, मी आधण ठेवायची, आणि पाण्याला उकळी येईपर्यंत तू दारात हजर, आठवतं ना? (न आठवून जातेस कुठे!) तर हिने पहिल्याच सकाळी खिळा ठोकला, ठकठक, आणि मी दोन कप चहा गाळून बसले. कुणी येईना. चहा फुकट कशाला घालवायचा म्हणून एक कप तिच्या दारात नेला. तिच्या ओठांत खिळे धरलेले, नको म्हणता येईना. प्यायली बिचारी. पुन्हा ठकठक, पुन्हा चहा. आठवड्यात ती माझ्या पाया पडायची बाकी राहिली. ‘आजी, खिळा मारला तरी चहा, काढला तरी चहा! माझा डोळ्याला डोळा लागत नाही हो!’ आणि मौज अशी, की मी काही ठरवून करत नव्हते. डाळ निवडत असायची, आणि शुद्धीवर यायची ती हातात दोन कप घेऊनच.

मुलाला वाटलं, आईचं डोकं फिरलं, डॉक्टरकडे न्यायला हवं. सून म्हणाली, डोकं ठीक आहे, हे आमच्या पुस्तकात आहे. त्यात एक कुत्रा आहे. त्याला खाणं देताना घंटा वाजवत, तर पुढे नुसत्या घंटेनेच त्याला लाळ सुटायला लागली. सासूला आणि कुत्र्याला एका धड्यात बसवणारी सून मी पहिल्यांदाच पाहिली. उपायही पुस्तकातलाच. घंटा वाजली आणि खाणं आलंच नाही, असं होत राहिलं, की सवय विरत जाते. म्हणून तिने चौकटवालीला पढवलं, की आजीला दार उघडायचंच नाही. मी चहा करायची, दाराशी उभी राहायची, परत यायची आणि दोन्ही कप मीच प्यायची.

आणि धाकटे, परवा भिंतीवर ठकठक झाली आणि मी उठलेच नाही. डाळ निवडत राहिले. सून टाळ्या वाजवायला लागली, आणि मी डाळ बाजूला सारली. म्हटलं, गेलीस. नुसती खोलीतून गेली होतीस, आता हातातूनही गेलीस. मला जेवण जाईना. तेव्हा सुनेने पुस्तक मिटलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘आई, शिकलेलं पुसलं जात नाही. दबून बसतं. जरा उसंत मिळाली की आपलं आपण वर येतं.’ मी म्हटलं, समजूत काढतेस होय गं? पण दुसऱ्या सकाळी पहिलाच खिळा वाजला, आणि बघते तर दोन कप! एवढा गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही. साखर दोनदा पडली होती, हे नंतर कळलं.

बाकी सगळं क्षेम. औषधं वेळेवर घे. संध्याकाळी तुझ्याबरोबर फिरायला येते म्हणतेस ती कोण बाई आहे? सहज विचारलं.

तुझी,
ताई

ता. क. ती बाई चहा कसा करते, तेही सहजच विचारते.

दुसरा ता. क. चौकटवालीला रस्त्यावर दुकान मिळालं, महिनाअखेर ती खोली सोडते आहे. सूनबाई म्हणते, मधल्या भिंतीतून दार काढता येईल, म्हणजे तुझं दुखलंखुपलं आम्हाला बघता येईल. हे तिच्या पुस्तकातलं नाही, तिच्या मनातलं आहे. मालकाला मी सांगून ठेवलंय, की किल्ली इतक्यात कुणाला देऊ नका. तुझ्या लेकाला विचार. यायचं नसेल तर तसं कळव, पण लगेच कळवू नकोस.